मायक्रॉनची कवळी, मिलिमीटरचे तोंड

कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल विठ्ठलवाडी सोडते आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके एकामागून एक येतात. २०११ च्या जनगणनेत या तीन शहरांची लोकसंख्या साधारण ५ लाख ६ हजार, २ लाख ५३ हजार आणि १ लाख ७४ हजार अशी नोंदली गेली. तिन्ही शहरे वेगवेगळ्या कारणांनी वाढली. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या कॅम्पांचे उल्हासनगर झाले. अंबरनाथ संरक्षण खात्याच्या कारखान्यांनी आणि एमआयडीसीने भरले. बदलापूर मुंबईत घर न परवडलेल्या नोकरदारांनी वाढवले. कॅम्पात जन्मलेली पिढी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे, कारखान्यातून निवृत्त झालेले कामगार सत्तरीत आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी रात्री पाण्याच्या वाटीत कवळी ठेवलेली असते.

या कवळीच्या बाजारात गेल्या काही वर्षांत एक नवा शब्द आला आहे : डिजिटल. संगणकावर आखलेली, यंत्राने कोरलेली किंवा थ्रीडी प्रिंटरवर थराथराने उभी केलेली कवळी. ती जास्त अचूक असते, घट्ट बसते, कमी खेपांत मिळते, असे सांगितले जाते. मुलगा वडिलांना घेऊन दवाखान्यात जातो तेव्हा त्याला साधा प्रश्न विचारायचा असतो : जास्त पैसे मोजले तर बाबांना भाकरी नीट चावता येईल का?

तीस वर्षांच्या संशोधनाने या प्रश्नाचे अर्धे उत्तर बऱ्यापैकी ठामपणे दिले आहे. लॅबमध्ये कवळी तयार होताना जी चूक शिरायची, ती संगणकाने खूप कमी केली. तोंडात माप घेताना आणि जबड्यांचा मेळ ठरवताना जी चूक शिरते, ती मात्र आजही डॉक्टरच्या हातात आहे.

जुन्या पद्धतीत चूक कुठे शिरते

पारंपरिक पूर्ण कवळी साधारण पाच भेटींत होते. पहिल्या भेटीत ढोबळ माप. त्यावरून बनवलेल्या खास ट्रेने दुसरे, बारकाईचे माप. यात कडांना हिरवा कंपाउंड गरम करून लावतात आणि रुग्णाला गाल, ओठ, जीभ हलवायला सांगतात, म्हणजे कवळीची कड स्नायूंच्या हालचालीत अडथळा न आणता कुठपर्यंत जाऊ शकते ते कळते. तिसऱ्या भेटीत मेणाचे कठडे तोंडात ठेवून वरचा-खालचा जबडा किती अंतरावर आणि कुठे मिटतो हे ठरते. चौथ्या भेटीत मेणात दात लावून ट्रायल. पाचव्या भेटीत कवळी.

ट्रायल आणि शेवटची भेट यांच्या मधे लॅबमध्ये खरी उलथापालथ होते. प्लास्टरच्या साच्यातले मेण गरम पाण्याने काढून टाकतात आणि त्या पोकळीत गुलाबी अ‍ॅक्रिलिकचा गोळा दाबून भरतात. हा गोळा म्हणजे पावडर आणि द्रव यांचे मिश्रण. आकारमानाने तीनास एक. भारतात कित्येक दशके या कामाला बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या डीपीआय या विभागाची पावडर वापरली जाते. तिचे डबे नसलेली लॅब शोधावी लागेल. साचा घट्ट आवळून पाण्यात तापवला की द्रवातले रेणू एकमेकांना जोडले जातात आणि अ‍ॅक्रिलिक कडक होते.

कडक होताना ते आकसते. निव्वळ द्रव सुमारे २१ टक्के आकसतो; पावडर मिसळल्यामुळे गोळ्याचे आकसणे ६-७ टक्क्यांवर येते. साचा दाबाखाली असल्याने लांबी-रुंदीत ते अर्ध्या टक्क्याच्या आतच दिसते, पण वाकडेपणा येतोच. साच्यातून काढताक्षणी आतला ताण सुटतो, बाजूच्या भिंती किंचित आत ओढल्या जातात आणि टाळूच्या मागच्या भागात कवळी प्लास्टरपासून उचलली जाते. वरच्या कवळीचा हवाबंदपणा ज्या रेषेवर अवलंबून असतो, ती हीच मागची कड. अनुभवी टेक्निशियन त्या जागी साच्यावर हलकीशी खाच करतो, म्हणजे कवळी तिथे टाळूला थोडी दाबून बसते. पन्नास-साठ वर्षे जग याच तोडग्यावर कवळ्या वापरत आले आहे.

त्याआधीचा इतिहास रबराचा. १८५१ मध्ये नेल्सन गुडइयरने कडक रबराचे पेटंट घेतले, १८६४ मध्ये जॉन कमिंग्जला रबरी कवळीचे पेटंट मिळाले आणि गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनी अमेरिकेतल्या रबर वापरणाऱ्या दंतवैद्यांकडून परवाना शुल्क वसूल करू लागली. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन दावे लावण्यात इतका तत्पर होता, की १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात सॅम्युअल चॅल्फंट नावाच्या दंतवैद्याने त्याला गोळी घातली. १९३७ च्या सुमारास अ‍ॅक्रिलिक आले आणि दहा वर्षांत रबर हद्दपार झाले. आजच्या डिजिटल कवळीतही ठरावीक कंपनीच्या यंत्रात ठरावीक कंपनीचेच मटेरियल चालण्याची अट अनेकदा असते. त्यामुळे कवळीची किंमत ठरवताना मटेरियलचा मालक कोण, हा प्रश्न दीडशे वर्षांनंतरही उरला आहे.

कवळी चिकटते कशी

वरची कवळी गोंदाशिवाय टाळूला धरून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे. दोन पृष्ठभागांमधे द्रवाचा थर असताना ते एकमेकांपासून ओढायला किती जोर लागतो, याचे सूत्र ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ जोसेफ स्टेफान यांनी १८७४ मध्ये मांडले. त्यानुसार हा जोर थराच्या जाडीच्या घनाशी व्यस्त प्रमाणात असतो. फट निम्मी झाली, तर कवळी ओढून काढायला आठपट जोर लागतो. फट दुप्पट झाली, तर तो आठव्या हिश्शावर येतो.

अचूकतेचा एवढा आग्रह का, हे या सूत्रातून कळते. प्लास्टरच्या मॉडेलवर काही दशांश मिलिमीटरचा फरक डोळ्याला जेमतेम दिसतो, पण तोंडात तो बोलताना सुटणाऱ्या कवळीच्या रूपाने जाणवतो. लाळ पुरेशी हवी, हेही त्यातच आले. रक्तदाबाची, नैराश्याची आणि अ‍ॅलर्जीची काही औषधे तोंड कोरडे करतात. अशा तोंडात उत्तम कोरलेली कवळीही सैल वाटते आणि दोष यंत्राच्या माथी जातो.

खालच्या जबड्याचे गणित आणखी कठीण. पाठ्यपुस्तकांत दिलेल्या सरासरीनुसार वरच्या कवळीला आधाराला सुमारे २३ चौरस सेंटिमीटर जागा मिळते, खालच्या कवळीला त्याच्या साधारण निम्मीच. शिवाय मधोमध जीभ. लाळेच्या थराची पकड तिथे मुळातच कमी पडते.

संगणक कवळीत शिरला तो कसा

१९९४ मध्ये जपानच्या मायेदा आणि सहकाऱ्यांनी लेझरने द्रवरूप रेझिन थराथराने कडक करून पूर्ण कवळी बनवल्याचे प्रसिद्ध केले. ते प्रयोगशाळेतले काम होते. दवाखान्यात उतरायला पुढची दोन दशके लागली. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठाच्या चार्ल्स गुडेकर आणि सहकाऱ्यांनी संगणकावर आखून यंत्राने कोरलेल्या कवळीची पद्धत मांडली. त्याच सुमारास अ‍ॅव्हाडेंट आणि डेंटका या अमेरिकी कंपन्यांनी ती व्यावसायिक रूपात आणली. २०१५ मध्ये डेंटकाच्या थ्रीडी प्रिंट करायच्या कवळीच्या रेझिनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मंजुरी दिली.

आज दोन वाटा आहेत. पहिली मिलिंगची. कारखान्यातच जास्त दाबाखाली आणि उष्णतेत कडक केलेली अ‍ॅक्रिलिकची जाड चकती यंत्रात बसवतात आणि बर नावाच्या फिरत्या कोरणीने तिच्यातून कवळी कोरून काढतात. आकसायचे ते चकती बनतानाच आकसून गेलेले असते, म्हणून कोरताना वाकडेपणा येत नाही. न जुळलेला द्रवही चकतीत कमी उरतो. तोटा असा, की चकतीचा बराचसा भाग भुशाच्या रूपाने वाया जातो आणि बरच्या जाडीपेक्षा बारीक खोबणी कोरता येत नाहीत.

दुसरी वाट प्रिंटिंगची. द्रवरूप रेझिनच्या टाकीत प्रकाश पाडून साधारण ५० किंवा १०० मायक्रॉन जाडीचे थर एकावर एक कडक करतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुणे, आधाराचे खांब कापणे आणि पुन्हा प्रकाशात पूर्ण कडक करणे. यंत्र स्वस्त, मटेरियल कमी वाया जाते, एका वेळी अनेक कवळ्या निघतात. पण कडक होण्याची प्रक्रिया लॅबमध्येच होते, म्हणजे आकसण्याचा प्रश्न पुन्हा दारात येतो. कवळी प्रिंटरच्या फळीवर कोणत्या कोनात ठेवली, किती वेळ धुतली, शेवटचा प्रकाश किती दिला, यावर तिचा आकार बदलतो.

अभ्यासांचा कौल

पहिला मोठा पुरावा २०१६ चा. लोमा लिंडाच्याच गटाने एकाच मॉडेलवर चार पद्धतींनी प्रत्येकी दहा कवळ्या बनवल्या : दाबून भरलेली, ओतलेली, इंजेक्शनने भरलेली आणि यंत्राने कोरलेली. कड, कडेपासून थोडे आत, हिरडीचा माथा, टाळू, टाळूची मागची रेषा अशा ठिकाणी मोजमाप झाले. कोरलेल्या कवळ्या सर्वांत अचूक निघाल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दहाही जवळजवळ एकसारख्या निघाल्या.

पुढच्याच वर्षी त्या विद्यापीठात वीस दंतहीन रुग्णांच्या तोंडात परीक्षा झाली. प्रत्येकासाठी एक पारंपरिक आणि एक कोरलेली वरची पट्टी बनवली आणि यंत्राने ओढून ती निसटायला किती जोर लागतो ते मोजले. कोरलेल्या पट्टीची पकड लक्षणीय जास्त होती. मॉडेलवरचा फरक तोंडातही उतरतो, याचा हा दुर्मीळ थेट पुरावा. दात नसलेली नुसती पट्टी ओढणे आणि बत्तिशीने सहा महिने जेवणे यांत मात्र बरेच अंतर आहे.

प्रिंटिंगचा कौल विभागलेला आहे. जिनिव्हा विद्यापीठात २०१९ मध्ये झालेल्या तुलनेत कोरलेल्या कवळ्या प्रिंट केलेल्यांपेक्षा मूळ आखणीच्या जास्त जवळ निघाल्या. त्याच वर्षी दक्षिण कोरियातल्या एका गटाने नेमके उलट दाखवले : प्रकाशाने प्रिंट केलेली वरची पट्टी कोरलेलीपेक्षा आणि दाबून भरलेलीपेक्षा चांगली बसली. दोन्ही अभ्यास काळजीपूर्वक केलेले होते. प्रिंटर, रेझिन, ठेवण्याचा कोन आणि धुण्याची पद्धत मात्र वेगळी होती. म्हणजे ‘प्रिंटेड कवळी’ या नावाखाली एकच वस्तू मिळत नाही. कोणत्या लॅबने कशी प्रिंट केली, त्यावर ती ठरते.

२०२१ मध्ये वांग आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध प्रयोगशालेय अभ्यास एकत्र तपासले. डिजिटल कवळ्यांची अचूकता वैद्यकीय वापराला पुरेशी आहे आणि पारंपरिक पद्धतीच्या बरोबरीची किंवा तिच्याहून सरस आहे, असा त्यांचा निष्कर्ष. सर्वांत जास्त फट कुठे आढळली? टाळूच्या मागच्या रेषेवर आणि कडांवर. जुन्या कवळीची दुखरी जागा नव्या कवळीतही तीच राहिली, फक्त दुखणे कमी झाले.

सरासरीत काय लपते

असे अभ्यास वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. अचूकतेचे दोन भाग असतात : वस्तू आखणीच्या किती जवळ आहे, हा एक, आणि पुन्हा पुन्हा बनवली तर किती सारखी निघते, हा दुसरा. मिलिंगची खरी ताकद दुसऱ्या भागात आहे. कुशल टेक्निशियनने बनवलेली उत्तम पारंपरिक कवळी कोरलेल्या कवळीच्या तोडीस तोड असू शकते. पण तोच टेक्निशियन सणाच्या आदल्या दिवशी दहा कवळ्या उरकत असेल, तर दहावी पहिलीसारखी निघेलच असे नाही. यंत्राच्या बाबतीत ही चिंता कमी.

दुसरी गोष्ट मोजण्याच्या रीतीची. कवळी स्कॅन करून ती मूळ आखणीवर संगणकात बसवतात, फरक रंगांत दाखवतात आणि शेवटी एक सरासरी आकडा देतात. सरासरीत कवळी एका जागी हिरडीत रुतते आणि दुसऱ्या जागी उचलली जाते, हे मिसळून जाते. रुग्णाला मात्र सरासरी टोचत नाही. त्याला उजव्या सुळ्याच्या मागे एक ठिपका टोचतो. म्हणून रंगांचा नकाशा न दाखवता फक्त आकडा देणारी जाहिरात अपुरी असते.

हिरडी म्हणजे पितळ नव्हे

अंबरनाथला मायक्रॉन नवा नाही. १९५० च्या दशकात उभा राहिलेला मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी हा संरक्षण कारखाना याच शहरात आहे आणि एमआयडीसीतल्या अनेक वर्कशॉपमध्ये सीएनसी यंत्रे चालतात. तिथल्या फिटरला किंवा टर्नरला मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडेतिकडे झाला तर जॉब रद्द होतो हे पाठ असते. अशा माणसाला यंत्राने कोरलेल्या कवळीचे तर्कशास्त्र चटकन पटते. त्याच्याच तोंडात मात्र ते निम्मे कोसळते, कारण पितळेचा जॉब दोन मोजमापांच्या मधे आपला आकार बदलत नाही. हिरडी बदलते. चावताना ती काही दशांश मिलिमीटर दबते, सकाळी आणि संध्याकाळी सारखी नसते, आणि जुनी सैल कवळी वर्षानुवर्षे वापरल्यावर जागोजागी लिबलिबीत होते. अशा हिरडीचे माप दाबून घेतले तर एक आकार येतो, न दाबता घेतले तर दुसरा. कवळीला यातला नेमका कोणता आकार हवा, यावर दंतशास्त्रात शंभर वर्षे वाद आहे. संगणक तो वाद मिटवत नाही. डॉक्टरने दिलेल्या आकाराची हुबेहूब नक्कल करतो. माप चुकीचे असेल, तर चूकही हुबेहूब उतरते.

तोंडात फिरवायच्या कॅमेऱ्याने थेट स्कॅन घेण्याची पद्धत दातांच्या कॅपसाठी चांगली रुळली आहे. बोळक्या तोंडात ती अडखळते. स्कॅनर शेकडो छायाचित्रे एकमेकांना जोडतो आणि जोडण्यासाठी त्याला दातांच्या कोपऱ्यांसारख्या खुणा लागतात. गुळगुळीत, ओलसर, हलणाऱ्या हिरडीवर खुणा सापडत नाहीत. शिवाय कड कुठे संपावी हे हालचालीवर ठरते, आणि स्थिर चित्राला हालचाल कळत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी डिजिटल कवळीची सुरुवात जुन्याच हाताने होते : ट्रे, कंपाउंड, हालचाली. मग ते माप किंवा त्यावरून ओतलेले मॉडेल लॅबच्या टेबलावर स्कॅन होते. लोमा लिंडाच्या विद्यार्थी दवाखान्यात डिजिटल कवळी दोन भेटींत देता आली, हे खरे. पण त्या दोनपैकी पहिल्या भेटीत माप आणि जबड्यांचा मेळ या दोन्ही अवघड गोष्टी एकदम उरकाव्या लागतात. घाईला तिथे जागा नसते.

या पट्ट्यात अडचण वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे : तंबाखू आणि सुपारी. मिश्रीने दात घासण्याची सवय असलेल्या पिढीतल्या अनेक बायकांच्या हिरड्या आणि हाड लवकर झिजलेले असते. गुटखा-सुपारीने तोंडाच्या आतले अस्तर ताठर होऊन तोंड उघडणे कमी होते. या विकाराला १९५३ मध्ये डॉ. एस. जी. जोशी यांनी सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिले. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण त्याआधीची तोंडे आता कवळीच्या वयाला आली आहेत. दोन बोटेही न शिरणाऱ्या तोंडात माप घेण्याचा ट्रे जात नाही. तो दोन तुकड्यांत करून आत बसवावा लागतो. स्कॅनरचे छोटे टोक अशा ठिकाणी खरोखर उपयोगी पडू शकते. डिजिटल तंत्राचा या भागातला हक्काचा रुग्ण कदाचित हाच. फक्त तोंडात जाऊ शकेल इतक्या लहान आकारात ती कवळीही आखावी लागते.

हाडाची झीजही थांबत नाही. आंत्ये टालग्रेन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, पंचवीस वर्षांच्या निरीक्षणांवर आधारित अभ्यासात दात गेल्यावर हिरडीचे हाड सतत झिजत राहते आणि पुढच्या भागात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या साधारण चौपट असते असे दिसले. मायक्रॉनमध्ये बसवलेली कवळी काही वर्षांत मिलिमीटरमध्ये सैल होते. तिला आतून नवे अस्तर लावणे, म्हणजे रीलाइन करणे, भागच पडते.

माप कुठे जाते, जबाबदारी कुठे राहते

छोट्या दवाखान्याकडे मिलिंगचे यंत्र नसते. माप, मॉडेल किंवा फाइल लॅबकडे जाते. पूर्वी ही लॅब बहुधा आसपासच असायची आणि डॉक्टर टेक्निशियनला समोर बसवून सांगू शकायचा. आता मोठ्या, कारखान्यासारख्या लॅब उभ्या राहिल्या आहेत. याच ठाणे जिल्ह्यातल्या मीरा रोडला आणि शेजारच्या पालघरमधल्या बोईसरला उत्पादन करणारी लक्ष्मी डेंटल ही कंपनी जानेवारी २०२५ मध्ये शेअर बाजारात उतरली. कॅप, ब्रिज, अलाइनर यांच्या या उद्योगाकडे गुंतवणूकदार पैसे घेऊन आले. एके काळी तळमजल्यावरच्या खोलीत चालणारा धंदा कुठवर पोचला, याची ती खूण.

कायद्याने मात्र रुग्णाचा हात डॉक्टरच्याच हातात ठेवला आहे. १९४८ च्या दंतचिकित्सक कायद्यात कवळी बनवणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या माणसाची डेंटल मेकॅनिक म्हणून वेगळी नोंद आहे. रुग्णाच्या तोंडात काम करण्याचा अधिकार नोंदणीकृत दंतवैद्याचा. २०२३ मध्ये संसदेने दंत परिषदेच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग आणणारा कायदा संमत केला, तरी ही विभागणी कायम राहते. म्हणून ‘लॅबकडूनच अशी आली’ हे उत्तर रुग्णाने मान्य करण्याचे कारण नाही.

परवडण्याचा प्रश्न वेगळाच आहे. केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना द्यायच्या साधनांत काठी, चश्मा, श्रवणयंत्र, व्हीलचेअर यांच्याबरोबर कृत्रिम दातही आहेत. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात. काठी आणि व्हीलचेअर शिबिरात रांग लावून वाटता येतात. कवळी तशी वाटता येत नाही. उल्हासनगरच्या बाजारात जीन्स साइज पाहून घेता येते, कवळीला साइज नसतो. प्रत्येक माणसामागे चार-पाच भेटी लागतात. डिजिटल पद्धतीने भेटी कमी होणार असतील, तर सरकारी शिबिरांना त्याचा उपयोग खासगी दवाखान्यांपेक्षा जास्त आहे. मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात किंवा फोर्टमधल्या शासकीय दंत महाविद्यालयात पारंपरिक कवळी कमी खर्चात होते, पण बदलापूरच्या पंचाहत्तरीच्या माणसाला गर्दीच्या गाडीने तिथवर पाच वेळा नेणे घरच्यांना जड जाते. वाचलेली प्रत्येक खेप इथे पैशाइतकीच मोलाची आहे.

मिळते काय, मिळत नाही काय

डिजिटल कवळीचा निर्विवाद फायदा फाइलचा. कवळी हॉस्पिटलच्या चादरीत गुंडाळून धुलाईला जाते, बेसिनमध्ये पडून फुटते, प्रवासात हरवते. पारंपरिक पद्धतीत पुन्हा पहिल्यापासून पाच भेटी. फाइल जपून ठेवली असेल तर तीच कवळी पुन्हा कोरता येते, आणि वयामुळे नव्या कवळीची सवय न होणाऱ्या माणसाला जुनीच घडण परत मिळते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी ही गोष्ट फार मोठी आहे. अट एकच : फाइल कुणाकडे आहे आणि किती वर्षे ठेवणार, हे आधी ठरलेले असावे.

मजबुतीत मिलिंग पुढे आहे. कवळीच्या मटेरियलसाठी आंतरराष्ट्रीय मानकात वाकण्याची ताकद किमान ६५ मेगापास्कल असावी लागते. झाग्रेबच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रिंटेड, कोरलेली आणि पारंपरिक मटेरियल तपासली तेव्हा वाकण्याच्या ताकदीत प्रिंटेड मटेरियल मागे राहिले. रेझिन सुधारत आहेत, पण रोज सुपारी फोडणाऱ्याने प्रिंटेड कवळी घेताना हे विचारात घ्यावे. प्रिंट केलेल्या पट्टीवर दात वेगळे चिकटवलेले असतील, तर तो जोडही एक कमकुवत जागा ठरू शकतो.

दिसण्यात आणि बोलण्यात यंत्राला माणसाची मदत लागते. सॉफ्टवेअर दातांच्या तयार नमुन्यांतून जुळणी सुचवते, पण वरचे पुढचे दात ओठाखाली किती दिसावेत हे रुग्णाच्या जुन्या लग्नातल्या फोटोवरून अनेकदा चांगले कळते. ट्रायलमध्ये रुग्णाला बोलायला लावून पुढच्या दातांची जागा तपासतात. ती तपासणी त्याच्या घरच्या भाषेत व्हायला हवी. सिंधीत श्वास आत ओढून उच्चारायची व्यंजने आहेत, मराठीत दंततालव्य च आणि ज आहेत. या ध्वनींना जीभ वेगवेगळ्या जागी टेकते. उल्हासनगरच्या आजोबांची ट्रायल फक्त हिंदीत उरकली, तर घरी नातवाशी सिंधीत बोलताना कवळी हलते. डिजिटल पद्धतीत वेळ वाचवायचा म्हणून ट्रायलच गाळली जाण्याचा धोका असतो. प्रिंटेड ट्रायल स्वस्तात निघते, ती मागून घ्यावी.

दवाखान्यात ‘डिजिटल’ हा शब्द ऐकल्यावर विचारायचे प्रश्न थोडकेच आहेत. कवळी कोरलेली असेल की प्रिंटेड, आणि मटेरियल कोणते? माप कसे घेणार, कडांच्या हालचाली होणार का? ट्रायल मिळेल का? फाइल कोण ठेवणार? बसवल्यानंतर दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने टोचणारी जागा घासून देण्याच्या भेटी किमतीत धरल्या आहेत का? आणि दोन-तीन वर्षांनी हिरडी झिजल्यावर याच मटेरियलला रीलाइन कोण करून देणार? यातला शेवटचा प्रश्न प्रिंटेड कवळीसाठी जास्त महत्त्वाचा, कारण सगळी अस्तरे सगळ्या रेझिनला सारखी धरत नाहीत आणि जवळची छोटी लॅब ते काम घेईलच असे नाही. कवळीची पावती करताना मटेरियलचे नाव आणि कंपनी लिहून घेतली, तर तीन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरकडे जावे लागले तरी काम अडत नाही.